माझ्यात रक्त कुणाचं

मी रक्त तपासायची काचेची नळी बोलतेय. आडवी पडूनच बोलते, उभं राहायचा आता कंटाळा येतो.

माझा जन्म भट्टीतला. कुणीतरी फुंकर मारली आणि मी पोकळ झाले. पुढे पाथर्डीच्या एका दवाखान्यात आले. भरायचं, उकळायचं, वाळायचं, परत भरायचं. ह्याला जगणं म्हणतात म्हणे.

बहात्तरचा दुष्काळ होता. डॉक्टरांकडे चांगुणा आली. खायची भरपूर आणि वाळायची रोज. हात थरथरायचे, डोळे बाहेर, छाती धडधडायची. घरी सगळ्यांवर ओरडायची. सासू मालनबाईंनी सांगून टाकलं होतं, की औषधानं गुण आला तर ठीक, नाहीतर हिला शेवगावला माहेरी कायमची सोडायची. नवरा भीमा खाली बघत होता. तो नेहमीच खाली बघतो, जमीन कुठे जाणार नसली तरी.

डॉक्टर म्हणाले, गळ्यातल्या गाठीतून एक रस निघतो, त्याच्यावर अंगाचा वेग चालतो. तो रक्तात किती आहे ते मुंबईला मोजतात. भीमानं विचारलं, किती म्हणजे कसं? डॉक्टर म्हणाले, "तू खडी फोडायला जातोस ना? हजेरीवर नावं ढीगभर, पण बरेचजण झाडाखाली. रसाचंही तसंच. बराचसा रक्तात नुसता बांधून बसलेला असतो, मोकळा थोडाच. काम तोच करतो. आपल्याला तो मोजायचाय."

भीमाला लगेच कळलं. तो झाडाखालचा होता.

रक्त काढायच्या दिवशी डॉक्टर बाहेरगावी होते. कंपाउंडर आसाराम नवा. त्यानं चांगुणाचं नाव पुकारलं. डोईवरचा पदर नाकापर्यंत ओढलेली एक बाई आत आली आणि तिनं हात पुढे केला. चांगला जाडजूड हात. मला वाटलं, वाळलेली म्हणाले होते. पण मी नळी आहे, मला कोण विचारतं?

मग बर्फाच्या थर्मासात बसून एसटीनं नगर, पुढे रेल्वेनं मुंबई. तिथे मला रिकामं केलं, धुतलं, परत धाडलं. माझ्या मागोमाग उत्तर आलं: रस फार कमी.

डॉक्टरांनी रस वाढवायच्या गोळ्या लिहायला घेतल्या. लिहिता लिहिता चांगुणाची नाडी धरली. ती उधळलेल्या घोड्यासारखी पळत होती. त्यांनी पेन खाली ठेवलं. ह्या गोळ्या हिच्या पोटात गेल्या तर हिचं काळीज टिकणार नाही, असं ते पुटपुटले. मग चांगुणाला विचारलं, सुई कुठल्या हाताला टोचली होती?

"मला कुटं टोचली? मी तर भाईर लिंबाखाली हुते."

आसारामची नजर बाकावरच्या एका जाडजूड हाताकडे गेली, मग सगळ्यांची. ऐन उन्हाळ्यात घोंगडी पांघरून मालनबाई झोपल्या होत्या. भीमानं हलवून उठवलं. त्या सावकाश, जड आवाजात म्हणाल्या, "म्या दिलं. तिच्या अंगात रगात हाय कुटं? घर एकच हाय, कुनाचं बी घ्या. आन् माहेरी धाडायचीच तर धडधाकट धाडू. असली वाळकी धाडली तर लोकं मला बोलतील."

डॉक्टरांनी मालनबाईंचा गळा तपासला, सुजलेले पाय दाबून पाहिले. सारखी थंडी, सारखी झोप. घरात दुखणेकरी दोन होत्या आणि तपासणी झाली ती दाखवायला न आणलेलीची.

मला परत मुंबईला जावं लागलं. ह्या खेपेला आत चांगुणाच होती. रस भलताच जास्त. तिला कमी करायच्या गोळ्या, सासूला वाढवायच्या.

पुढे माझा काठ उडाला. आसारामनं मला टेबलावर उदबत्ती खोचायला ठेवलं. तिथून मी त्या दोघींना येताना पाहिलं. चांगुणा भरलेली, शांत, बाकावर बसल्या बसल्या पेंगतेय. मालनबाईंची झोप उडालेली, तोंड अखंड चालू. डॉक्टरांनी हळूच विचारलं, शेवगावला कधी सोडताय सूनबाईला?

"हिला सोडलं तर मी भांडू कुनाशी?" मालनबाई म्हणाल्या. "भीमा तर खालीच बघतो."

चांगुणा डोळे मिटूनच हसली.

चला, मी दमले. तुम्ही रक्त द्यायला गेलात तर कितीही माया असो, स्वतःचंच द्या. दुसऱ्याचं भरलं तर मुंबईच्या खेपा आम्हाला पडतात.