चतकोर गोळी

वर्षाराणीने अडकित्त्याच्या पात्याखाली गोळी धरली, मुठीत दाब दिला, आणि टक् असा आवाज होऊन गोळीचे दोन तुकडे स्टीलच्या ताटलीत पडले. मग दोनांचे चार. दुसऱ्या गोळीचा एक तुकडा उडून ओट्याखाली गेला. तो तिने वाकून उचलला, फुंकला आणि बाकीच्यांबरोबर डबीत टाकला. आठ दिवसांचे आठ तुकडे झाले.

"सुपारीपेक्षा कडक हाय," ती म्हणाली.

बसवंत उंबऱ्यावर बसून चहा पीत होता. सोमवार असल्यामुळे जळकोटच्या बाजारातलं त्याचं कापडाचं दुकान बंद होतं. गोळ्या त्याच्याच, केसांच्या. त्या कापायचं काम लग्न झाल्यापासून बायकोकडे आलं होतं, आणि ती ते कसं करते हे तो वर्षभरात आज पहिल्यांदाच बघत होता.

ताटलीत पांढरी भुकटी उरली होती. वर्षाराणीने तांब्यातलं पाणी घातलं, बोटाने कडेकडेने फिरवलं आणि ताटली तोंडाला लावून पिऊन टाकली. जेवण झालं की या घरात सगळेच असं ताट धुऊन पितात. अन्न म्हणजे प्रसाद, त्याचा कण मोरीत जाता कामा नये, ही लिंगायतांच्या जुन्या घरांतली शिकवण. बसवंत हॉटेलात जेवला तरी त्याचा हात आपोआप पाण्याच्या ग्लासाकडे जायचा. म्हणून त्याला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. उलट तो हसला.

"तुझी वेणी आधीच एवढी जाड हाय. तुला कशाला पाहिजे केसाचं औषध?"

"मग काय मोरीत ओतू का? अव्वा म्हणतेत, औषधाला कुणाचा पाय लागू नये."

अव्वा म्हणजे बसवंतची आई शरणम्मा. ती देवघरात विभूती लावत बसली होती. तिने तिथूनच हुंकार भरला.

या केसांपायी बसवंतने काय काय सोसलं होतं ते विचारूच नका. सत्ताविसाव्या वर्षी कपाळ मागे सरकायला लागलं आणि तिशीपर्यंत पार टाळूला जाऊन भिडलं. पाच ठिकाणी तो पोरगी बघायला गेला. पाचही ठिकाणांहून तोच निरोप, पोरगा चांगला आहे पण वयानं जास्त वाटतो. निलंग्याच्या पोरीने तर कहरच केला. चहा ठेवला आणि त्यालाच नवरदेवाचा काका समजून ती त्याच्या पाया पडली. बैठकीतले सगळे खाली बघत राहिले. त्याच आठवड्यात बसवंतने नांदेडचा कातडीचा डॉक्टर गाठला.

डॉक्टरने रोज घ्यायची एक बारीक गोळी लिहून दिली. तेवढ्या कमी ताकदीची गोळी जळकोटात मिळत नव्हती. मेडिकलवाला अमरेश बसवंतचा शाळेतला दोस्त. त्याने तोड काढली. म्हातारपणी लघवी अडते त्यावर हीच गोळी मोठी मिळते, ती घ्यायची आणि चतकोर चतकोर करायची. आठ महिन्यांत केसांनी जोर धरला, वर्षभरात वर्षाराणीचं स्थळ जुळलं. नांदेडच्या डॉक्टरने आणखी एक सांगितलं होतं, लग्न ठरलं की एकदा येऊन भेटा. पण ज्या कामासाठी डॉक्टर केला ते काम तर झालं होतं. आता कोण जातंय? तीच जुनी चिठ्ठी दाखवून तो गोळ्या नेत राहिला.

त्या सोमवारी संध्याकाळी तो अमरेशकडे गेला तेव्हा हातात दोन चिठ्ठ्या होत्या. एक त्याची, दुसरी वर्षाराणीची, लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेली. अमरेशने दोन्ही काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या.

"वहिनीला दिवस गेलेत? बोलला न्हाईस."

"अव्वा म्हणली, तीन महिने कुणाला सांगू नको. आता तिसरा सरत आलाय."

"मग ही तुझी गोळी वहिनीच्या हाताला लागू देऊ नको. पाकिटावर लिहिलेलं असतंय, पण लई बारीक. भुकटी तर अजिबात न्हाई. तुकडे तूच करतोस ना?"

बसवंतने आपली चिठ्ठी उचलून खिशात घातली.

"हाव," तो म्हणाला. "मीच."

दुसऱ्या दिवशी, माल बघायला चाललोय असं घरी सांगून त्याने लातूरची एसटी धरली. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात सगळ्या बायकाच. तो कोपऱ्यात उभा राहिला. त्याचा नंबर आला तेव्हा बाईंनी त्याच्या मागे दाराकडे पाहिलं.

"पेशंट कुठे आहे?"

"आणली न्हाई, मॅडम. मलाच बोलायचंय."

त्याने सगळं सांगितलं. ताटली धुऊन पिण्याचं सांगताना त्याला दोनदा थांबावं लागलं.

"किती दिवस चाललंय हे?" बाईंनी विचारलं.

"लग्न झाल्यापासून. आठवड्याला दोन गोळ्या. भुकटी पडंल तेवढी."

"आजपासून ती गोळी घरात नको. आता नीट ऐका. मुलगी असेल तर या औषधानं तिला काही होत नाही. मुलगा असेल तर त्याच्या लघवीच्या जागेची घडण नीट न होण्याचा धोका असतो. ती घडण होते ती याच दिवसांत."

"धोका म्हणजे किती?"

"ते कुणी सांगू शकणार नाही. भुकटी किती पोटात गेली हेच आपल्याला माहीत नाही. कदाचित काहीच होणार नाही. झालं तरी बहुतेक वेळा ऑपरेशन करता येतं."

बसवंतने मान हलवली. शाळेत त्याच्या वर्गात एक पोरगा होता, बसून लघवी करायचा. त्याला सगळे काय म्हणायचे ते बसवंतला आठवलं. तोही म्हणायचा, सगळ्यात मोठ्या आवाजात. सहावीनंतर तो पोरगा शाळेत आलाच नाही. दवाखान्यातल्या खुर्चीत बसवंतला वीस वर्षांनी त्या चिडवण्याची लाज वाटली.

"मॅडम, पोरगा हाय का पोरगी, तेवढं कळलं असतं तर..."

बाईंचा चेहरा एकदम कडक झाला. त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. गर्भलिंग तपासणी येथे केली जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे.

"हा प्रश्न इथे विचारायचा नाही."

"मला पोरगी पाहिजे म्हणून विचारून राहिलो," बसवंत म्हणाला.

बाईंच्या एवढ्या वर्षांच्या दवाखान्यात असं म्हणणारा बाप त्यांना भेटला असेल की नाही, कुणास ठाऊक. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तरीही नाही. पुढच्या वेळी बायकोला घेऊन या. मी समजावून सांगते. त्यांना माहीत असायला हवं."

तो हो म्हणाला. पुढच्या वेळी वर्षाराणीबरोबर त्याने आपल्या मावशीला पाठवलं, दुकानात गिऱ्हाईक फार आहे म्हणून. मावशीसमोर बाईंनी तो विषय काढला नाही, नवऱ्याला घेऊन या एवढाच निरोप धाडला. त्याच्या पुढच्या वेळी दवाखानाच बदलला. लातूर लांब पडतं, उदगीर बरं, असं त्याने अव्वाला पटवलं आणि अव्वाने सुनेला.

गोळ्यांची डबी त्याने लातूरहून आल्या आल्याच उचलली होती आणि दुसऱ्या दिवशी बसस्टँडमागच्या उकिरड्यात टाकली होती. डॉक्टरनं बंद करायला सांगितलं, एवढंच तो घरात बोलला. बाकीचं उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत त्याने दिवस ढकलले. ती घाबरेल, जेवणार नाही, पोटाला हात लावून रडत बसेल, असं तो स्वतःला सांगायचा. खोटं नव्हतं ते. पण खरी गोष्ट अशी की तो भेदरला होता. तुमच्या केसांपायी हे झालं, हे तिच्या तोंडून ऐकायची त्याची छाती नव्हती.

रोज सकाळी तो गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसायचा. एकाच देवघरात आई मोठ्याने नातू मागायची आणि लेक मनातल्या मनात मुलगी. देवाने कुणाचं ऐकावं?

दोन-तीन महिन्यांत उशीवर केस दिसायला लागले. मग न्हाणीत, मग दुकानातल्या पांढऱ्या कापडावर. कपाळ पुन्हा मागे सरकलं. शरणम्मा त्याच्याकडे बघून कपाळाला हात लावायची.

"आसं बंद करतेत का औषध? बारशाला लोक तुलाच आजोबा म्हणतील बग."

"म्हणू दे," बसवंत म्हणायचा.

एकदा वर्षाराणी खोबरेल तेलाची बाटली घेऊन त्याच्या मागे बसली आणि त्याच्या डोक्याला बराच वेळ तेल चोळत राहिली. त्याला तिचा हात झटकून पळून जावंसं वाटलं. तो दात आवळून बसून राहिला.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठेवलं. गल्लीतल्या बायका आल्या, वर्षाराणीला हिरवी साडी नेसवली, फुलांचे दागिने घातले. बायका आत तिला सजवण्यात गुंतल्या होत्या, म्हणून शरणम्माने बसवंतला हाक मारली.

"एका वाटीत पेढा ठेव, एकीत बर्फी. वरून दुसऱ्या वाट्या पालथ्या घाल. कशात काय हाय ते सांगू नको कुणाला."

खेळ सगळ्यांना माहीत होता. गरोदर बाईने एक वाटी उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. बसवंत स्वयंपाकघरात एकटाच होता. मिठाईचा पुडा त्याच्यापुढे उघडा होता. त्याने एका वाटीत बर्फी ठेवली. पेढा उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि परत पुड्यात टाकला.

बायकांनी गाणं थांबवलं. वर्षाराणीने डावीकडची वाटी उघडली.

"बर्फी," कुणीतरी म्हणालं. शरणम्माचं तोंड उतरलं.

"खेळ हाय तो, अव्वा," एक शेजारीण म्हणाली आणि तिने सहज दुसरी वाटी उचलली. तिच्याखालीही बर्फीच. सगळ्या हसायला लागल्या. जुळ्या पोरी व्हायच्या बघा, म्हणाल्या. शरणम्माने दाराशी उभ्या असलेल्या लेकाकडे जळजळीत नजरेने पाहिलं. वर्षाराणीनेही पाहिलं.

बायका ओटी भरून गेल्या आणि शरणम्मा त्यांना पोचवायला कोपऱ्यापर्यंत गेली. वर्षाराणी फुलांच्या दागिन्यांसकट स्वयंपाकघरात आली. तिचे डोळे भरले होते.

"दोन्हीकडं तुम्हीच ठेवली ना?"

"हाव."

"आम्ही तिघी बहिणी. तिसरीच्या टायमाला आमचे आप्पा आठ दिवस घरी आले न्हाईत. आईला कुणी जेवली का म्हणून इचारलं न्हाई." तिने पदराने नाक पुसलं. "बाप असून पोरगी मागणारा माणूस मी बघितलाच नव्हता. माझ्या नशिबानं मला मिळाला."

बसवंतला वाटलं, आता सांगून टाकावं. आत्ता नाही तर कधीच नाही. "वर्षा," तो म्हणाला, आणि पुढचा शब्द शोधायला लागला.

तिने त्याचा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. आत काहीतरी हललं.

"एकच सांगू का?" ती म्हणाली. "पोरगा झाला, तर त्याच्यावर राग धरू नका. त्याचा काय दोष?"

"न्हाई," बसवंत म्हणाला. "त्याचा काय दोष."