दुसऱ्या हाकेला

फॉर्म चार पानांचा होता आणि खोटं बोलायची सोय शेवटच्या पानावर होती. ‘आपल्या मुलाविषयी आम्हाला माहीत असायला हवं असं आणखी काही?’ असा प्रश्न आणि त्याखाली कोऱ्या ओळी. नळवाल्याने त्या ओळींकडे बराच वेळ पाहिलं आणि पेन बायकोच्या हातात दिलं. तो बाथरूमचे नळ आणि शॉवर विकणाऱ्या कंपनीत होता, म्हणून नातेवाइकांत त्याचं नावच नळवाला पडलं होतं. बायकोचं अक्षर चांगलं, हे निमित्त. खरं म्हणजे असल्या कामात आपला हात स्वच्छ राहावा असं त्याला वाटत होतं. तिने ‘काही नाही’ असे दोनच शब्द लिहिले आणि कागद पालथा घातला.

हे शब्द तिने लिहावेत ही एक गंमतच. ती लॅबमध्ये रक्त काढायची. समोरच्याला नाव विचारायचं, जन्मतारीख विचारायची, मगच सुई टोचायची, आणि तो माणूस खुर्चीतून उठायच्या आत ट्यूबवर लेबल लावायचं. नव्या मुलींना ती दटावून सांगायची की बिनलेबलाची ट्यूब परवडली, ती फेकून देता येते. चुकीच्या लेबलाची ट्यूब माणूस मारते. नऊ वर्षांत तिच्या हातून एकही चूक झाली नव्हती. लॅबमधले डॉक्टर तिला चेष्टेने ‘जनगणना’ म्हणायचे.

मुलगी चार वर्षांची. घरात तिला मुंगी म्हणायचे, कारण ती सगळं करायची, पण मुंगीच्या पावलांनी. अडीच वर्षांची झाली तेव्हा चालली. बोलत अजून नव्हती. चमचा कुठला, चप्पल कुठली हे तिला कळायचं, पण आपल्याला एक नाव आहे हे तिच्या गावीही नव्हतं. डॉक्टरांनी त्याला ‘विकासातला विलंब’ असं भारदस्त नाव दिलं होतं. सासूबाई म्हणायच्या, हिचा बापही उशिराच बोलला, आणि आता बघा, गप्प बसवावा लागतो. खरं सांगितल्यावर दोन बालवाड्यांनी मुंगीला घ्यायला नकार दिला होता. तिसरीतल्या बाईंनी तर फॉर्म पुरता न वाचताच परत केला. तेव्हापासून दोघांचं ठरलं होतं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता ती हाकेची भानगड सांगायला हवी. थेरपीवाल्या ताई मुंगीला शिकवत होत्या की नाव घेतलं की हात वर करायचा. केला की शाब्बास आणि एक मनुका. पहिल्या हाकेला मुंगी ढिम्म बसायची. ताई मग आवाज चढवून दुसरी हाक मारायच्या, आणि सहा महिन्यांनी त्या दुसऱ्या हाकेला हात वर जायला लागला. घरात केवढा आनंद. मग एका रविवारी नळवाल्याने चेष्टेत ‘बटाटा’ अशी हाक मारली. मुंगी बसून राहिली. त्याने मोठ्याने पुन्हा ‘बटाटा’ म्हटलं आणि मुंगीने ऐटीत हात वर केला. तो हसला, बायको हसली, आणि मग दोघंही एकदम थांबली. मुंगी नावाला ओ देतच नव्हती. एका हाकेला कुणी उत्तर दिलं नाही आणि तीच हाक चढ्या आवाजात पुन्हा आली की हात वर करायचा, एवढंच ती शिकली होती. ताईंना हे सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे त्यांनी सांगितलं नाही.

त्याच सुमारास कंपनीने जाहीर केलं की सगळ्यांत जास्त नळ विकणाऱ्यांना सहकुटुंब चार दिवस जहाजावर न्यायचं. दुपारी साहेबांबरोबर नवराबायकोने जेवायला बसायचं आणि मुलं जहाजावरच्या बालकक्षात ठेवायची. चार पानांचा तो फॉर्म याच बालकक्षाचा होता, आणि अट साधी होती. मूल तीन वर्षांच्या वरचं हवं आणि आपल्या नावाला ओ देणारं हवं.

पहिल्या दिवशी बालकक्षाच्या प्रमुख बाई मुंगीसमोर उकिडव्या बसल्या आणि त्यांनी तिचं नाव घेतलं. मुंगी काचेतून पाणी बघत होती. बाईंनी जरा मोठ्याने पुन्हा हाक मारली. हात वर. बाईंनी शाब्बास म्हणून यादीत खूण केली, मुंगीच्या मनगटावर नावाची पट्टी बांधली, आणि नळवाल्याचा जीव भांड्यात पडला. बायकोचा काही पडला नाही. डोळ्यांदेखत चुकीचं लेबल लागताना तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं आणि ती गप्प राहिली होती.

त्या दिवशीचं जेवण तिला आठवत नाही. साहेब नळाच्या गळतीवर विनोद सांगत होते आणि सगळे वेळच्या वेळी हसत होते. तिला दिसत होता तो डेकवरचा कठडा, त्याच्या दोन दांड्यांमधली फट, आणि पाठीमागून कुणीतरी ‘थांब’ म्हणून ओरडलं तरी न थांबणारी मुंगी. तीनदा ती हात धुवायच्या निमित्ताने उठली आणि बालकक्षाच्या काचेपाशी जाऊन आली. मुंगी ठोकळ्यांची रांग लावत होती. तिसऱ्यांदा परत आल्यावर साहेबांच्या बायकोने तिला पोटाच्या गोळ्या हव्यात का विचारलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाची ताटं नुकतीच उचलली होती तेव्हा भोंगा वाजला. सात लहान आणि एक लांब. जहाजावर चढताना हे सगळ्यांना शिकवलं होतं, त्यामुळे पहिल्यांदा लोक हसलेच. मग लाउडस्पीकरवर कप्तानाचा आवाज आला की कपडे धुण्याच्या खोलीत आग लागली आहे, वरच्या मजल्यांवर धूर चढतो आहे आणि ही तालीम नाही. मुंगीची आई जिन्याकडे धावली. जिन्याच्या तोंडाशी एक खलाशी हात आडवा करून उभा होता. आईबापांनी वर जायचं नाही, मुलांना सांभाळणाऱ्या मुलीच खाली घेऊन येतात, तुम्ही चढलात तर त्यांचाच जिना अडेल, असं तो शांतपणे पुन्हा पुन्हा सांगत होता. नळवाल्याने तिला दंडाला धरून जमायच्या जागी नेलं. तो एक मोठा नाट्यगृहासारखा हॉल होता आणि तिथे आधीच तीनशे माणसं जमली होती.

थोड्या वेळाने हॉलच्या एका बाजूला बांधलेल्या दोरीपलीकडे मुलं आली. सगळ्यांना नारिंगी लाइफ जॅकेट, त्यात हनुवट्या बुडालेल्या. मुंगी शेवटच्या रांगेत बसली होती, पाय पसरून, जणू काही झालंच नाही. ती दिसली आणि आईच्या डोळ्यांना धार लागली. तिने मग मुंगीवरची नजर काढलीच नाही.

बालकक्षातल्या मुलांत वाटेत सापडलेली दुसरी मुलंही मिसळली होती, त्यामुळे डोकी मोजून उपयोग नव्हता. यादी वाचायची होती. प्रमुख बाई दाराशी वायरलेसवर बोलत होत्या. यादी हातात होती ती एका तरुण मुलीच्या. तिची कामाची पाळी अर्ध्या तासापूर्वीच सुरू झाली होती आणि एकाही मुलाचा चेहरा तिच्या ओळखीचा नव्हता.

शेजारी एक उंच बाई उभी होती. तिचा पाच वर्षांचा मुलगा बालकक्षात होता आणि ती टाचा उंचावून त्याला शोधत होती. कुणी विचारलं नव्हतं तरी ती सांगत होती की मेला जिथे बसेल तिथे झोपतो, काल जेवतानाही झोपला. तिला तो दिसत नव्हता, पण त्या जॅकेटांत कुणाचंच पोर कुणाला दिसत नव्हतं.

नावं सुरू झाली. एकेक नाव, एकेक ‘आहे’. सातवं की आठवं नाव आलं तेव्हा उंच बाईने पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. ‘माझा,’ ती म्हणाली. उत्तर आलं नाही. त्या मुलीने आवाज चढवून तेच नाव पुन्हा घेतलं. शेवटच्या रांगेत नारिंगी जॅकेटातून एक हात वर गेला. मुलीने मान वर करून बघितलं आणि खूण केली.

उंच बाई मटकन खुर्चीत बसली. ‘आहे,’ ती म्हणाली. ‘बघितलंत ना? आहे हो माझा.’ आणि तिने शेजारणीचा हात हातात घेऊन दाबला.

शेजारणीने बघितलं होतं. तिने मुंगीची मूठ बघितली होती, अंगठा आत घेतलेली.

पुढचं नाव वाचलं गेलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तोही तिच्याकडेच बघत होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. आणखी एक नाव. तो तिच्या कानाशी लागून पुटपुटला, असेल तो मुलगाही तिथेच, त्यानेही केला असेल हात वर, आपल्याला कुठे सगळं दिसतंय. तिसरं नाव. तिच्या मनात आलं, बोललं तर फॉर्म बाहेर निघेल, साहेबांसमोर निघेल, पुढच्या बंदरावर उतरवतील, आणि यापुढे मुंगीला कोणीही कुठेही घेणार नाही. चौथं. हे सगळं खरं होतं आणि यातलं काहीच त्या पोरापेक्षा मोठं नव्हतं, हेही तिला कळत होतं, तरी जीभ टाळूला चिकटली होती. भीती माणसाला पळायला लावते म्हणतात. तिला भीतीने खुर्चीला खिळवून ठेवलं होतं. उंच बाईने अजून तिचा हात सोडला नव्हता. पाचवं नाव.

तिने हात सोडवून घेतला आणि दोरीखालून वाकून पलीकडे गेली.

यादीवाल्या मुलीने तिला मागे जायला सांगितलं. तिने सांगितलं की खूण चुकली आहे. मुलगी म्हणाली, हात वर केला ना, मी बघितला. तेवढ्यात प्रमुख बाई आल्या आणि म्हणाल्या, काय ते नीट सांगा.

‘तो हात माझ्या मुलीचा होता,’ ती म्हणाली. ‘पट्टी वाचून बघा. दुसऱ्यांदा हाक मारली की ती कुणाच्याही नावाला हात वर करते. तिला तिचं नाव कळत नाही. आम्हाला माहीत होतं. आम्ही लपवलं.’

प्रमुख बाईंनी तिच्याकडे एकदाच पाहिलं. मग त्या शेवटच्या रांगेपर्यंत गेल्या, प्रत्येक मनगट उलटून पट्टी वाचत. उंच बाईचा मुलगा त्यांच्यात नव्हता. त्यांनी वायरलेस तोंडाशी धरला तेव्हा हॉलमध्ये इतकी शांतता होती की ‘एक मूल वर राहिलंय’ हे शब्द सगळ्यांनी ऐकले.

उंच बाई ओरडली नाही. ती खुर्च्यांमधून वाट काढत जिन्याकडे गेली आणि तिला दोन खलाशांनी धरलं. मग मात्र तिचा आवाज फुटला, आणि तो सगळा वेळ चालू राहिला. अकरा मिनिटं. मुंगीची आई मुंगीला छातीशी धरून जमिनीवर बसली होती आणि समोरच्या घड्याळाकडे बघत होती. जिन्यातून धुराचा वास यायला लागला होता, जळक्या कापसाचा. मुंगी तिच्या जॅकेटची दोरी ओढत होती, सोडत होती. नळवाला शेजारी उकिडवा बसला होता. पोराला काही झालं तर आपण जगायचं कसं, हा एकच विचार तिच्या डोक्यात फिरत होता, आणि तो विचारही आपल्याबद्दलच आहे याची तिला लाज वाटत होती.

बारा वाजून पंचावन्न मिनिटांनी तोंडाला फडकं बांधलेला एक खलाशी जिना उतरला. त्याच्या खांद्यावर पोर होतं. बालकक्षातल्या स्पंजच्या ठोकळ्यांच्या घरात, आतल्या बाजूला, ते गाढ झोपलं होतं. धूर दारापर्यंत आला होता, आत शिरला नव्हता. झोपमोड झाली म्हणून पोर भोकाड पसरून रडत होतं, आणि इतकं गोड रडणं त्या हॉलमध्ये कुणी ऐकलं नव्हतं.

आग विझल्याचं कळलं तेव्हा दोन वाजत आले होते. प्रमुख बाई नवराबायकोपुढे येऊन उभ्या राहिल्या. नळवाला घाईघाईने बोलू लागला, की चूक त्याची, अक्षर फक्त तिचं. बाईंनी त्याला थांबवलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

‘आधी कळवलं असतंत तर हिच्याबरोबर एक मुलगी वेगळी दिली असती,’ त्या म्हणाल्या. ‘दर फेरीला अशी दोन-तीन मुलं असतात. त्यासाठीच तो प्रश्न विचारतो आम्ही.’

त्या गेल्यावर नळवाल्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिला रडूही आलं नाही. जे दार बंद होईल म्हणून एवढी भीती बाळगली, ते कधी बंदच नव्हतं.

मग उंच बाई आली. पोर तिच्या खांद्यावर पुन्हा झोपलं होतं. तिचे डोळे सुजले होते. एका हाताने तिने मुंगीच्या आईचा हात घट्ट धरला. दुसरी कुणी असती तर तोंडातून ब्र काढला नसता, ती म्हणाली. स्वतःच्या लेकीचं असं चारचौघांत सांगायला काळीज लागतं. तुम्ही होतात म्हणून माझा मुलगा आहे.

नळवाल्याने बायकोकडे पाहिलं. एवढ्यावर थांब, असं त्याचे डोळे सांगत होते. थांबता आलं असतं. कुणाला कधी कळलं नसतं.

‘मी लगेच नाही बोलले,’ ती म्हणाली. ‘मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही माझा हात धरून बसला होतात, आणि पुढची पाच नावं वाचून होईपर्यंत मी गप्प होते.’

बाईची पकड सुटली. तिने पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, त्याच्या पाठीवर हात ठेवला.

‘पाच?’ तिने विचारलं.

‘पाच.’