बोट गोल फिरलं तेव्हा

तुम्ही खोटं बोललात, शेठ. तुमच्या खात्यात, कापड विणायच्या कारखान्यात, काम करणारा हिलाल घरी मोरीत घसरून पडला, असं तुम्ही दवाखान्यात सांगितलंत. तुमच्या कारीगरांनी माना खाली घातल्या. ज्याच्या डोक्याला लागलं त्याला तर काहीच आठवत नव्हतं, आणि तेच तुमच्या पथ्यावर पडलं.

त्याची बायको कलाबाई दारात आली तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, "बेन, उसी को पूछो ना. वो बोले खाते में लगा, तो इलाज मेरा."

तो शब्द तिने धरून ठेवला. म्हणून लेक धनश्री जेव्हा म्हणाली, "मम्मी, एक पिक्चर लागलंय. डोक्याला मार लागून सगळं विसरलेल्या माणसाचं. शेवटी त्याला खुनी आठवतो. पप्पांना दाखवू ना," तेव्हा कलाबाई नाही म्हणाली नाही.

पर्वत पाटिया भागातल्या थेटरात हिलाल ठेवलेल्या पिशवीसारखा बसला. हल्ली तो कुठेही तसाच बसायचा. पडद्यावरचा हिरो भिंतीवर फोटो चिकटवत होता, आरशावर मुठी मारत होता. विसरलेल्या माणसाला एवढी धावपळ सुचते कशी, एवढंच कलाबाईच्या मनात आलं. राग नाही, हेवा नाही. तिला आताशा काही वाटायचंच नाही.

मग एक माणूस हिरोला एका कारखान्यात घेऊन गेला. यंत्रांचा खडखडाट सुरू झाला, खुर्च्या हादरल्या. हिलाल उभा राहिला आणि दोन्ही मनगटांची फुली करून त्याने हात डोक्यावर नेले.

"ओ काका, बैठो ना! हिरो आप हो क्या?" मागून कुणी ओरडलं. लोक हसले.

"बठा ना. कसाले उभा राह्यनात?" कलाबाईने त्याचा सदरा ओढला, आणि तिचा हात तिथेच राहिला.

खात्यात कापड विणणारे साचे धडधडत असताना कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. तिथे माणसं हातांनी बोलतात. कलाबाईने त्याच खात्यात ऐन उमेदीत सुताच्या कांड्या भरल्या होत्या. फुली म्हणजे साचा बंद करा. हिलालने ती पुन्हा केली, मान वर करून, तुमची काचेची केबिन असावी तसं वर बघत. मग त्याने एक बोट हवेत गोल फिरवलं. म्हणजे चालू दे. ही खूण कारीगर करत नाही, साच्यांवर देखरेख करणारा मास्तरही करत नाही. ती खात्यात एकच माणूस करतो. त्यानंतर हिलालचा हात कानशिलावर आला. धागा घेऊन इकडून तिकडे पळणारा टोकदार धोटा साच्यातून उडाला, की तिथेच बसतो.

तो खाली बसला.

"पप्पा, काय आठवलं? सांगा ना," धनश्री रडकुंडीला आली होती.

"चहा शे का?" हिलालने विचारलं.

पिक्चर संपायच्या आतच ते बाहेर पडले. शेवटी खुनी कोण निघाला, ते कलाबाईला बघायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन खात्याच्या दाराशी आली. तुम्ही केबिनमधून खाली उतरून दाराशी आलात. तुम्हाला बघताच हिलालने हात जोडले. हसलाही.

"देखा?" तुम्ही तिच्या कानाशी वाकून म्हणालात. "इसको कोई शिकायत नहीं."

कलाबाई आत साच्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिने मनगटांची फुली केली. काशिनाथ मास्तराने आधी तिच्याकडे बघितलं, मग तुमच्याकडे. तुमचं बोट वर गेलं, तेवढ्यात त्याने मान वळवली आणि पहिला साचा बंद केला. मग शेजारचा कारीगर. मग पलीकडचा. आवाज विरत विरत गेला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या खात्यात पंख्याची कुरकुर ऐकू आली.

"शेठ, इनको याद नहीं," कलाबाई म्हणाली. "तुमको तो है ना?"

हिलाल अजून हात जोडून उभा आहे. साचे बंद आहेत. आता खुणेची गरज नाही, तोंडाने बोला. त्या दिवशी त्याने फुली केली, तेव्हा तुमचं बोट गोल फिरलं होतं की नाही?