संत क्रॅमॉकचे तपकिरी अश्रू

"मागे सरका, मागे सरका! संतांना गर्दी सोसत नाही!" असं ओरडत लॅकलन मॅकफेलने हातातली काठी तळघराच्या छतावर तीनदा आपटली. सगळ्यांनी श्वास रोखले. छताच्या भेगेतून तपकिरी थेंब सुटले, खालच्या दगडी चेहऱ्याच्या कपाळावरून ओघळले आणि थेट डोळ्यांच्या खाचांत उतरले. कुणी हुंदका दिला, कुणी फोन उंचावला. टेक्सासच्या एका बाईंनी तर रुमाल भिजवून डोक्याला बांधला.

"सातशे वर्षं!" लॅकलन गरजला. "सातशे वर्षांपूर्वी संत क्रॅमॉकना याच भिंतीत जिवंत चिणलं. गुन्हा काय? लंगड्यांना चालवलं! आजही कुणाचे गुडघे दुखले की त्यांना रडू फुटतं. बाटल्या दाराशी मिळतील."

एडिनबरात अशा सहलींना तोटा नाही, पण आम्ही इथले लोक त्यांच्या वाटेला जात नाही. आपल्याच शहरात वाटाड्याच्या मागे माना वर करून फिरताना कुणी ओळखीच्याने पाहिलं, तर वर्षभर थट्टा होते. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे मला तर विद्यार्थीही सोडणार नाहीत. म्हणून मी कोटाची टोपी नाकापर्यंत ओढून उभी होते. आले होते ती इशबेल मावशीसाठी.

मावशीचे दोन्ही गुडघे कामातून गेलेत आणि ती राहते चौथ्या मजल्यावर. फार वाट पाहिल्यावर येत्या मंगळवारी तिच्या ऑपरेशनची तारीख लागली होती. तेवढ्यात कॅनडाहून फिरायला आलेल्या बहिणीने तिला या अश्रूंची बाटली आणून दिली. बाटलीला लॅव्हेंडरचा नुसता घमघमाट. मावशीला तोही येत नव्हता, कारण हिवाळ्यातल्या सर्दीपासून तिचं नाक बंद पडलंय. ती सकाळ-संध्याकाळ गुडघे चोळत बसायची.

"अगं कर्स्टी, फरक आहे बघ," ती म्हणाली होती. "डूगललासुद्धा कळतं. एरवी हा कुत्रा माझ्याकडे ढुंकून बघत नाही. आता गुडघ्यापासून हलत नाही, चाटतो बिचारा भक्तिभावाने!"

"म्हणून तू ऑपरेशन रद्द करणार?"

"उद्या फोन करते. फुकटची कापाकापी कशाला?"

तारीख सोडली की पुन्हा रांगेच्या शेपटाला, आणि तोवर मावशी चौथ्या मजल्यावर कोंडलेली. मी म्हटलं, "आधी मला तुझा संत दाखव. मग खुशाल फोन कर."

संतांनी बरे केलेले ते गुडघे घेऊन मावशी दर पायरीला 'आई गं' करत तळघरात उतरली होती. सोबत डूगलही होता. पहिला थेंब पडताच त्याने साखळी हिसडली, उडी मारली आणि संतांचा चेहरा सपासप चाटून काढला.

"अब्रह्मण्यम्! कुत्रं आवरा!" लॅकलन किंचाळला.

मी डूगलला ओढायला पुढे गेले आणि तो वास नाकात शिरला. इथे वास झाकायला लॅव्हेंडर नव्हतं. मी बोट लावून जिभेवर टेकवलं. आंबट, गोडसर, तपकिरी. एडिनबरात वाढलेल्या माणसाला हा वास झोपेतसुद्धा ओळखता येतो. इथे तळलेल्या बटाट्याच्या गरम चिप्सवर ओततात तो सॉस!

"मॅकफेलसाहेब, तुम्ही मूळचे कुठले?"

"डोंगराळ मुलखातला. सातव्या मुलाचा सातवा मुलगा!"

"मला वाटतं ग्लासगोचे. तिकडे चिप्सवर सॉस नाही, नुसतं व्हिनेगर घालतात ना? म्हणून वाटलं, हा वास कुणी ओळखणार नाही."

तो गडबडला. तेवढ्यात मी त्याची काठी घेतली आणि छतावर तीन ठोके दिले. संत रडले. पुन्हा तीन दिले. संत भडाभडा रडले.

"बघा, तुमच्यावरही प्रसन्न झाले!" लॅकलन केविलवाणा हसला.

मी आणखी तीन ठोके दिले. आता भेगेतून अश्रू नाही, आवाज आला.

"अरे लॅकी, थांब की जरा! इथं गिऱ्हाईक उभंय. किती ओतू अजून?"

हा आवाज आमच्या रस्त्यावरच्या चिप्सवाल्या रेन्झोचा. तळघराचं दार मागच्या गल्लीत, म्हणून वर त्याचंच दुकान आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी मान वर करून ओरडले, "रेन्झो, एक प्लेट चिप्स!"

आणि रेन्झोने, जन्मभराच्या सवयीने, वरून विचारलं, "मीठ-सॉस दोन्ही?"

तळघरात हसू फुटलं. टेक्सासच्या बाईंनी डोक्यावरचा रुमाल हळूच सोडला.

लॅकलन पुटपुटला, "इथलं कुणी कधी येतच नाही हो सहलीला. ओळखणार कोण?"

मावशी मात्र अडून बसली. "पण मला बरं वाटत होतं, त्याचं काय?"

"रोज सकाळ-संध्याकाळ चोळलंस आणि आजपर्यंत जिना उतरलीच नाहीस. कुणालाही बरं वाटेल, मावशी. आता चढून दाखव."

तिने समोरच्या पायऱ्यांकडे पाहिलं, मग चाटून लख्ख झालेल्या संतांकडे. तिचा चेहरा इतका उतरला की मलाच वाईट वाटलं. मग तिने माझा दंड धरला. "मंगळवारी सोबत येशील ना गं? मला भीती वाटते कापाकापीची."

खरी गोष्ट ही होती. बाटलीपेक्षा तिला भीतीवरचं औषध हवं होतं, आणि भीती वाटते का, हे आम्ही तिला कधी विचारलंच नाही.

मी गेले सोबत. आता मावशी चौथा मजला स्वतः चढते, आणि डूगल पुन्हा तिच्याकडे ढुंकून बघत नाही.

तेव्हा मंडळी, भिंत रडायला लागली तर हात जोडण्याआधी वरच्या मजल्यावर कोणाचं दुकान आहे ते बघून या. आणि घरातलं माणूस भिंतीपुढे रडायला लागलं, तर त्याला कशाची भीती वाटते ते आधी विचारा.