अप्पांचा केर

शिवलीलानं एंटर दाबलं आणि लॅपटॉपमधलं सहा वर्षांचं सगळं पुसलं गेलं. पडद्यावर नव्या सिस्टिमचे आकडे चढायला लागले, तशी ती खुर्चीत मागं रेलली.

"आता बघा अप्पा, कसा पळतोय ते."

"पळून कुठं जायचंय त्याला?" तिच्या वडिलांनी, बसाप्पांनी, कॉटवरूनच विचारलं.

तो लॅपटॉप म्हणजे नुसती कटकट होती बघा. दुकानातून येतानाच नको ते पोटात भरून आलेला. मुदत संपलेली दोन अँटिव्हायरसं, कुणी न मागितलेले खेळ, कंपनीची मदत करणारी आणि मदतीच्या नावाखाली आडवी येणारी चार-पाच सॉफ्टवेअरं. बटण दाबून चहा टाकावा, तो पिऊन कप विसळावा, तरी हा आपला गोल फिरतोयच. शिवलीला एका कॉलेजच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायची. असलं काम तिच्या डाव्या हातचा मळ. सगळे फोल्डर तिनं आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवले, एकदा सोडून दोनदा तपासले, आणि मगच रविवारी दुपारी जेवणं आटोपून पाटी कोरी करायला बसली.

अप्पा मूळचे हुपरीचे. पंचेचाळीस वर्षं त्यांनी चांदीचे पैंजण घडवले. मग हात कापायला लागले, पाठोपाठ शिवलीलाची आई, अव्वा, गेली, आणि शिवलीलानं कारखान्याला कुलूप लावून त्यांना कसबा बावड्यात आपल्या फ्लॅटवर आणलं. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात त्यांचं कामवाल्या चिमणाबाईशी वाजलं. बाईनं खोली झाडली आणि केर घंटागाडीत टाकला. अप्पा जिन्यात धावले.

"अगं बाई, केर टाकतीस व्हय!"

अख्खी बिल्डिंग हसली. सगळ्यात जास्त शिवलीला हसली.

खरं तर तिनं हसायला नको होतं. चांदीचं काम चालतं त्या घरात केर कुणी टाकत नाही. कानस मारताना उडालेली चांदी चटईत जाते, कपड्यात जाते, डोक्याच्या केसांत जाते. रोजचा केर पत्र्याच्या डब्यात भरायचा, डबा नजरेसमोर ठेवायचा, आणि दिवाळीच्या तोंडावर झारेकरी आला की त्याला द्यायचा. तो केर धुऊन, जाळून त्यातली चांदी काढतो. त्या चांदीवर पोरांचे दिवाळीचे कपडे व्हायचे. शाळेला निघताना अव्वा शिवलीलाला उंबऱ्यावर उभी करायची, तिचे तळपाय फडक्यानं पुसायची आणि फडकं डब्यात झटकायची. गुदगुल्या व्हायच्या. शिवलीला पाय मागं घ्यायची आणि अव्वा म्हणायची, "थांब गं, चांदी चालली शाळंला."

चारच्या सुमारास काम संपलं. स्वच्छ पडदा उघडला. त्यावर काही म्हणजे काही नव्हतं, कोपऱ्यात तेवढा कचऱ्याचा डबा.

अप्पा उठून टेबलाशी आले. चष्मा चढवला, त्यावर आपलं कामाचं भिंग धरलं आणि थरथरत्या बोटानं माऊस नेऊन तो डबा उघडला. बराच वेळ आत बघत राहिले.

"कुणाला दिलंस?"

"काय अप्पा?"

"डबा मोकळा केलास न्हवं. कुणाला दिलास केर?"

शिवलीलानं लॅपटॉप आपल्याकडं ओढला.

"त्यात काय होतं?"

"माझं नमुनं. अकराशे बेचाळीस."

मोबाईल हातात आल्यापासून अप्पा प्रत्येक नव्या नमुन्याचा फोटो काढून ठेवायचे, माल गावाबाहेर जायच्या आधी. कारण पैंजण टिकत नाही. बाई घालते, कंटाळते, मोडीत देते, आटतो, दुसरा होतो. एवढ्या वर्षांत घडवलेल्यातला एक जोड त्यांच्या स्वतःच्या घरात नव्हता. पुढं मोबाईल भरला. राजनंदिनी, शिवलीलाची लेक, पुण्याला होस्टेलवर जायच्या आधी आजोबांना फोटो लॅपटॉपवर घेऊन मोबाईल मोकळा करायला शिकवून गेली. ते ठेवायचे कुठं, हे तिनं सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. कोपऱ्यात डबा दिसत होता की! रोज ते तो उघडायचे आणि भिंग लावून बोटभर चित्रं बघत बसायचे. शिवलीलाला वाटायचं, अप्पा पत्ते खेळतात. फोल्डर डिस्कवर उतरवताना तिनं डबा उघडूनही पाहिला नव्हता.

तिनं राजारामपुरीतल्या रिपेअरवाल्या महांतेशला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अक्का, वरनं नवीन बसवलंसा की. आता हाताला काय लागायचं न्हाय."

फोन ठेवून ती अप्पांसमोर उभी राहिली. दुसरं काही सांगता आलं असतं, पण जीभ रेटली नाही.

"कुणाला दिलं न्हाय अप्पा. टाकून दिलं मी."

अप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी भिंग पुसलं आणि हलकेच म्हणाले,

"चिमणाबाईनं टाकलं असतं तर बोललो नसतो. तिला काय ठावं? तू तर त्यात वाढलीस की."

शिवलीलाला रडू कोसळलं. चाळिशी उलटलेली बाई, पण लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली. अप्पांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले,

"बास. रडून चांदी गळतीया व्हय? वही आण."

त्यांच्या हातात पेन्सिल ठरत नव्हती, म्हणून ती तिनं धरली. ते डोळे मिटून सांगायला लागले.

"आधी साखळी. न्हाय, घट्ट घे. बैलाच्या गळ्यात बांधायची हाय काय? आता पानं. ही शेजारच्या बनाबाईच्या थोरलीच्या लग्नातली. अव्वाला घुंगरू लावायला दोन दिस लागलं हुतं. डाव्या अंगाला कडी. डाव्या, शिवे!"

ती खोडत होती, पुन्हा काढत होती. अप्पा डोळे उघडून बघायचे, मान हलवायचे, पुन्हा मिटायचे.

दिवेलागणीपर्यंत एक नमुना कागदावर उतरला. अप्पांनी तो भिंगाखाली धरला, उलटासुलटा करून पाहिला आणि नापास केला.

"उद्या कालिजातनं जरा लवकर ये," ते म्हणाले.