उलट्या हातांची भुतं

मी एक जुना अबाया आहे, मित्रांनो. बाईने कपड्यांवरून घालायचा काळा, पायघोळ झगा, आता विटलेला. माझ्या अंगावर पाच पांढरी भुतं आहेत आणि ती मी कुणालाही पुसू देणार नाही.

सौदीतल्या अल-खोबरच्या बाजारातल्या एका दुकानात माझी शिलाई झाली. श्रीवर्धनहून नवी नवरी होऊन आलेल्या इस्मतने मला पसंत केलं. नवरा मुस्तफा मोबाइलच्या दुकानात कामाला होता. सहा वर्षं मी तिच्यासोबत फिरलो. कॉर्निशवरचा, समुद्रकाठच्या रस्त्यावरचा, खारा वारा सोसला. अरवा जन्मली तेव्हा इस्पितळाच्या बाकावर तासन्‌तास चुरगळलो. "हा कपडा तुला शोभतो," असं मुस्तफा म्हणे, तेव्हा मी मनातून फुलत असे. पुढे बाह्या उसवल्या, रंग तपकिरी झाला, आणि माझी जागा ओट्याखालच्या फडक्यांत लागली.

मोबाइलची दुकानं फक्त सौदी माणसांनीच चालवायची, असा नियम त्याच सुमारास आला. मुस्तफाची नोकरी गेली. रास तनुराला एका ठेकेदाराकडे त्याला गोदामाचं काम मिळालं, तेही कच्चंच. पुढच्या वर्षी परदेशी कामगारांच्या बायकामुलांवर दरमहा सरकारी शुल्क बसलं. इमारतीतली कुटुंबं एकेक करून मायदेशी जाऊ लागली. घर रिकामं झालं की रंगारी येत आणि भिंतींवरच्या मुलांच्या रेघोट्यांवर पांढरा हात मारून जात.

इस्मत सकाळी शेजारची लहान मुलं सांभाळायची. नऊ होती, त्यांची अरवा धरून पाच उरली. त्यांतला ओम पाच वर्षांचा. त्याचे वडील अरविंद इंजिनियर. ते इथेच राहणार होते. ओम आणि त्याची आई चारुता शुक्रवारी कायमचे नाशिकला निघणार होते. ओमने आठवडाभर कुणाशी धड बोलणं टाकलं होतं.

ऑक्टोबरची अखेर होती. चारुता म्हणाली, "इस्मत, याला एकच हवंय. गोऱ्यांच्या कंपाउंडमधल्या मित्राकडे गेल्या हॅलोविनला हातांच्या ठशांची भुतं केली होती, तशी करायचीत. बाहेर तर उघडपणे असलं काही होत नाही."

"करू या की," इस्मत म्हणाली.

काळा कागद घरात नव्हता. इस्मतने ओट्याखालून मला ओढलं, बाह्या कापल्या, शिवण उसवली आणि मला जमिनीवर पसरलं. रंगाऱ्यांनी जिन्यात सोडलेल्या डब्यातला, पाण्याने धुतला जाणारा पांढरा रंग तिने ताटलीत ओतला. मुलांचे तळवे रंगात बुडवून ती ते माझ्यावर दाबू लागली. बोटं खाली, तळवा वर. मग तळव्यात दोन काळे डोळे काढले की झालं भूत, बोटांच्या झालरीवर तरंगणारं. अरवा हसून हसून लोळली.

ओमने मात्र हात पाठीमागे नेले. "मैं फिंगर नहीं दूँगा."

"का रे राजा?"

"मम्मीने ऑफिसमध्ये फिंगर दिले. मग एक्झिट झालं. आता जावं लागणार."

 इस्मत त्याच्यासमोर मांडी घालून बसली. "हे उलटं आहे, ओम. म्हणून तर हात उलटा ठेवायचा. इथे ठसा दिला की तुझा हात इथेच राहतो. त्याला कुणी पाठवू शकत नाही."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

त्याने हात दिला. इतका जोरात दाबला की रंग माझ्या आरपार गेला.

दुपारी वरच्या मजल्यावरच्या बदरुन्निसाखाला नात रुमानाला न्यायला आल्या. इमारतीतल्या साऱ्या बायका त्यांचा शब्द मानत. मला पाहून त्या दारातच थबकल्या. "भुतं? आणि तीही अबायावर? इस्मत, आत्ताच्या आत्ता धुऊन टाक हे."

"भुतं कसली, खाला. पोरांचे हात आहेत."

"माझ्याशी वाद घालू नकोस. नाहीतर उद्यापासून एकही मूल तुझ्याकडे येणार नाही."

इस्मत मुलांचे हात धुवायला आत गेली, तेवढ्यात खालांनी मला उचललं आणि साबणाच्या बादलीत कोंबलं. मित्रांनो, आयुष्यभर मी धुण्याला कधी नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र प्रत्येक धाग्याने रंग आवळून धरला. इस्मतने धावत येऊन मला बाहेर काढलं. कडा पुसट झाल्या होत्या, पण पाचही हात जागेवर होते.

"मी त्या लेकराला शब्द दिलाय," ती खालांना म्हणाली. "हवं तर तुम्ही मुलं पाठवू नका. मी हे धुणार नाही."

संध्याकाळी मुस्तफानेही समजावलं. "इकाम्याचं, राहण्याच्या परवान्याचं, अजून लटकतंय, इस्मत. नसती भानगड कशाला?"

"घरात माझ्या भिंतीवर माझा फाटका कपडा," ती म्हणाली. "त्याला कुणाचा इकामा लागतो?" आणि तिने मला बैठकीच्या खोलीत चार खिळ्यांवर ताणून टांगलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओम आणि अरवा, एवढीच दोन मुलं होती. शुक्रवारी ओमही गेला. बाकीची पुन्हा आली नाहीत. इस्मतचा तो वर्ग तिथेच संपला. मला फार वाईट वाटलं, पण तिने मला उतरवलं नाही.

हिवाळ्यात मुस्तफाचं कामही सुटलं. कायमचं गावी निघायच्या आदल्या दिवशी बदरुन्निसाखाला भेटायला आल्या आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या.

"मला अजून पटलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"नका पटू देऊ. चहा घ्या."

चहा संपला. रुमाना आईबरोबर केव्हाच गावी गेली होती. खालांनी मान न वळवता विचारलं, "आमच्या रुमानाचं कुठलं?"

"डावीकडून दुसरं."

त्या उठल्या, चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिल्या. "बोटं नीट टेकवली नाहीत तिने," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

इस्मतने माझी घडी घातली आणि खालच्या मजल्यावर अरविंदच्या हातात दिली. "मी अरवाला सोबत नेतेय, भाऊ. तुमच्याकडे कुणी नाही. हा इथेच राहू दे."

आता मी अरविंद धरून चार एकट्या पुरुषांच्या घरात राहतो. गिरीश नावाचा नवा भाडेकरू पहिल्याच दिवशी म्हणाला, "हे बाईचं फडकं कशाला टांगलंय? पंखा पुसायला घेऊ का?" अरविंद शांतपणे म्हणाले, "पंख्याला माझा शर्ट घे." गिरीशने खरंच घेतला.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू नेहमी म्हणतात, आम्हाला स्वच्छ ठेवा, जपून वापरा. मी तसं म्हणणार नाही. माझ्यावर धूळ बसू द्या, मला कसर लागू द्या. तुमच्या घरातही एखाद्या भिंतीवर, दारावर, जुन्या कपड्यावर लहानग्या हाताचा डाग असेल. कुणी फडकं घेऊन आलं, तर आडवे या. पुसू देऊ नका.