मातीत पिळलेलं दूध

वैशाखरे गावाच्या वरच्या वाडीत लाकडाच्या मोळ्या उतरवून बाया ओटीवर टेकल्या की बीडी पेटायची. अंबूबाई दोन झुरके घ्यायची आणि तीच बीडी सुनेच्या, ठमीच्या हातात द्यायची. ठमीला सहावा महिना होता.

"ओढ गो. पोर बारीक रायलं तं सुटका सोपी व्हते," अंबूबाई म्हणायची. तिला तिच्या सासूनं हेच सांगितलं होतं.

तपासणीला येणाऱ्या नर्स भाग्यश्रीनं समजावलं, "ठमे, पोटातलं बाळ त्या धुरानं उपाशी राहतं. म्हणून ते बारीक होतं."

ठमीनं बीडी टाकली. पण डोकं ठणकू लागलं, कशातच जीव रमेना. सासूनं पुन्हा बीडी पुढं केली आणि तिनं घेतली.

दिवस भरायच्या आधीच ती घरी बाळंत झाली. मुलगी झाली, मुठीएवढी. ठमीच्या छातीतून पिवळसर, घट्ट दूध पाझरू लागलं.

"ह्यो चीक नासका असतो. पिळून टाक," अंबूबाई म्हणाली. ठमीनं ते दूध कुडाजवळच्या मातीत पिळलं. मुलीच्या ओठांवर कापसाच्या बोळ्यानं गूळपाणी सोडलं गेलं.

पोरीला जुलाब लागले. नवऱ्यानं, चांगोनं, कोणाची तरी मोटारसायकल मागून आणली. ठमी तिला पदरात घेऊन मागं बसली. मुरबाडचा दवाखाना यायच्या आधीच पदरातली हालचाल थांबली. तिचं नावही ठेवलेलं नव्हतं.

पुढं कितीतरी दिवस ठमीची चोळी दुधानं भिजत राहिली. त्या दुधाचं काय करायचं, ते तिला कोणी सांगितलं नाही.

वर्षभरानं धाकटी जाऊ काजल गरोदर राहिली. ठमीनं स्वतः बीडी सोडली होती. पहिला चीकच बाळाला जगवतो आणि गूळपाण्यानं जुलाब लागतात, हे तिला नर्स भाग्यश्रीनं मागाहून सांगितलं होतं. काजलला बीडीची तलफ आली की ती तिच्या हातावर भाजलेले चणे ठेवायची आणि तलफ जाईपर्यंत शेजारी बसून राहायची. दोघी कधी रडायच्यासुद्धा.

काजल मुरबाडच्या दवाखान्यात बाळंत झाली. अंबूबाई गूळपाण्याची वाटी घेऊन खाटेजवळ आली. ठमी आडवी आली.

"आत्या, नको."

"तू मला शिकवतेस?"

"शिकवत नाय. माझी गेली. हिचं जाऊ देणार नाय."

तिनं बाळ उचलून काजलच्या छातीशी लावलं. थोडं चाचपडून ते चोखू लागलं. अंबूबाई वाटी धरून बघत राहिली. मग भिंतीला टेकून खाली बसली.

"ठमे," ती हळू आवाजात म्हणाली, "चांगोच्या आधी माझी दोन गेली. त्यांनापण मी गूळपाणीच पाजलं व्हतं. चीक पिळून टाकला व्हता. मंग ती पण त्यानंच..."



ठमीला उत्तर ठाऊक होतं. ते सासूच्या तोंडावर सांगणं तिच्या जिवावर आलं. तिनं वाटी काढून बाजूला ठेवली आणि ती म्हातारीच्या शेजारी जमिनीवर बसली.